गळ्याच्या जागी नऊ पानं

१५ मार्च १९५३, रविवार

चांद्याच्या मास्तरकीच्या परीक्षेला सात आठवडे राहिले. निबंधाचा विषय त्यांनी आधीच कळवून टाकलाय: 'मनुष्य कोणास म्हणावे?' दोन दिवस डोकं खाजवून आज एक वाक्य जमवलं. 'ज्यास वाचा आहे, जो दोन पायांवर ताठ चालतो, अन्न शिजवून खातो आणि ज्यास लाज आहे, तो मनुष्य होय.' वाक्य झकास झालं. परीक्षक खूश होतील.

दादा ओसरीवर जाळं सांधत बसला होता, त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "निजलेला मानूस मानूस नाई का मंग? तो बोलत नाई, चालत नाई. आन तुह्यासारखा घोरला त लाजही नाई." गोकुळावहिनी चुलीपाशी हसून हसून बेजार. डोमादादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माणसाची फिरकी घ्यायला अक्षरओळख लागत नाही. त्यानं तलावातल्या मासोळ्या विकून मला सातवीपर्यंत शिकवलं, म्हणून मी ऐकून घेतो.

जेवताना पुन्हा तेच. दादानं माझ्या ताटातली मासोळी उचलली, बोटांनी काटे काढले आणि मांस परत माझ्याकडं सरकवलं. वहिनी म्हणाली, "ढिवराच्या घरचा मास्तर, आन काट्याले भेते! गावात सांगू का?" मी सहा वर्षांचा असताना काटा घशात अडकला होता, डोळे पांढरे झाले होते. आई नुसती ओरडत होती. दादानं दोन बोटं घशात घालून काटा ओढून काढला. तेव्हापासून हे चालू आहे. मी आता चोवीस वर्षांचा आहे, 'पुरे आता' असं म्हणतोही, पण खरं सांगायचं तर फार जोर देऊन म्हणत नाही.

पुढच्या रविवारी मोहाची फुलं वेचायला येतो म्हणून कबूल केलं. पहाटे उठायचं जिवावर येतं.

२४ मार्च, मंगळवार

अक्षर माझं वाटत नाही.

लोकांना जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. परवा पहाटे आम्ही मोहाखाली गेलो. दादा मोठ्या झाडाखाली होता, मी वीसेक पावलांवर. फुलं टपटप पडत होती. वाघ नाल्यातून आला. त्यानं दादाचा गळा धरला. मी कुऱ्हाड उगारून धावलो, ओरडलो, पण तोवर दादाची मान मोडली होती. मी स्वतः पाहिलं. मग वाघ माझ्याकडं वळला म्हणून मला मागं सरावं लागलं. माणूस याहून काय करणार?

दुपारी सगळं गाव डफडी वाजवत गेलं. रक्त सापडलं. रक्तात भिजलेलं धोतर सापडलं. फरफटत नेल्याची खूण नाल्यापर्यंत होती, पुढं खडकावर काही दिसेना. दोन दिवस शोधलं.

वहिनीनं एकच विचारलं. "त्यायची कुऱ्हाड तुमच्यापाशी कशी भाऊजी?" मी सांगितलं, दादानं माझ्याकडं फेकली. तसंच झालं असेल. मला नीटसं आठवत नाही. अशा वेळी कुणाला आठवतं?

२५ मार्च, बुधवार

देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचं ठरलं. जातीचे पाटील इस्तारी म्हणाले, "आग देल्ल्याबिगर त्याले वाट भेटत नाई. वाघाच्या मागं मागं फिरन तो." पण आता पळसाला पान आहे कुठं? नुसती लाल फुलं. शेवटी वहिनीनं लग्नसराईसाठी टाचून ठेवलेल्या पत्रावळी उसवायच्या ठरल्या. तिनंच काड्या काढल्या.

पानं लागतात तीनशे साठ. डोक्याला इतकी, छातीला इतकी, गळ्याला दहा. मास्तर म्हणून मोजायचं काम माझ्याकडं. मी मोजली. शेवटी गळा राहिला आणि माझ्या हातात नऊच पानं उरली. सगळे उन्हात उभे, इस्तारी घाई करतायत, वहिनीकडं बघवत नव्हतं. मी नऊ पानं लावली आणि 'झाले पुरे' म्हणालो. कुणाला कळलं नाही.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पान काय, नऊ काय आणि दहा काय! तरी लिहून ठेवलं.

आग मी दिली. वाळलेली पानं, भसकन पेटली.

६ एप्रिल, सोमवार

आज तेरवी झाली. लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. "मास्तरनं वाघावर कुऱ्हाड उचलली, सोपी गोष्ट का होय!" असं तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मी उठून आत गेलो. उन्हामुळं असेल.

वहिनीचे हात मोकळे दिसतात. बांगड्या नसलेले हात भात वाढतात तेव्हा मी मान वर करत नाही. मासोळी तिनं वाढली नाही, मीही मागितली नाही.

मला भीती वाटते, हे कुणाला सांगू? भर दुपारी परसात जाताना मान आखडते. कुऱ्हाड दारामागं होती, ती उचलून सरपणाच्या ढिगाखाली सारली. निबंध पुढं सरकत नाही. 'ज्यास वाचा आहे' इथंच लेखणी थांबते.

१२ एप्रिल, रविवार

देवा रे देवा.

दुपारी शाळेत एकटाच बसलो होतो. तलावाच्या पाळीवरून बाया किंचाळत धावत आल्या. बाहेर येऊन पाहतो तर पाळीवरून दोन माणसं येताहेत. एक गोंड, खांद्यावर कुऱ्हाड. दुसरा काठीवर वाकलेला, जवळजवळ जमिनीला टेकलेला. गळ्याभोवती साल आणि पाला बांधलेला. तोंड एका बाजूला सरकलेलं. डोळे दादाचे.

डोळे दादाचे, असं मला वाटलं. उन्हात काहीही वाटतं.

त्यानं मला पाहिलं आणि तोंड उघडलं. माणसाच्या तोंडून निघत नाही असला आवाज निघाला, ओल्या कातड्याचं डफडं वाजावं तसा. गळ्यातून काही येतच नव्हतं. आणि मला नऊ पानं आठवली.

मी शाळेत शिरलो आणि कडी लावली. बस, इतकंच केलं मी.

१३ एप्रिल, सोमवार

तो गोंड म्हणजे डोंगरापलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, कोलू. त्याचं म्हणणं असं, की ते बांबू तोडायला आले होते, नाल्यात वाघ दिसला, सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या तेव्हा वाघ याला टाकून गेला. त्यांनी याला उचलून टोल्यावर नेलं. हा कुठला, कोण, सांगता येईना, कारण जबडा मोडलेला आणि गळा फाटलेला. तीन आठवड्यांनी उभा राहिला आणि हातानं वाट दाखवत त्यानंच कोलूला इथवर आणलं.

इस्तारी ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या टोल्यावर तुमचं चालते. आमी त्याले आग देल्ली हाये. आग देल्लेला मानूस चालत येत नाई. वाघानं शिवलेलं, वाघच त्याचं कातडं पांघरून येते, हे म्या आज्याच्या तोंडून आयकलं."

कोलू म्हणाला, "आमी त्याले तीन हप्ते जेवू घातलं. वाघ असता त आमालेच खाल्लं नसतं का, बापा?" काहीजण हसले. इस्तारी हसले नाहीत.

रिवाज आहे, तो त्यांनी सर्वांसमोर सांगितला. सात दिवस तो गावाबाहेर, पाळीवरच्या झोपडीत राहील. सातव्या दिवशी पंचांपुढं, ज्यानं पुतळ्याला आग दिली त्याला तीनदा विचारायचं, 'हा कोण होय?' त्यानं नाव घेतलं आणि त्याच्यासंग एका पत्रावळीत घास घेतला, तर तो माणूस. नाही घेतला, तर त्याला सीमेपलीकडं हाकलायचं, आणि कुणी पाणीसुद्धा द्यायचं नाही.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आग मी दिली.

१५ एप्रिल, बुधवार

डोकं शांत ठेवून, शिकलेल्या माणसासारखा विचार करतो. आज पाळीवरच्या बाभळीआडून पाऊण तास पाहिलं. जवळ गेलो नाही.

त्याला वाचा नाही. तो ताठ चालत नाही, झोपडीच्या ठेंगण्या दारातून तर चक्क चार हातापायांवर निघाला. तलावाकाठी पोटावर पडून तोंड पाण्याला लावून प्यायला, जनावरासारखा. म्हणजे माझ्या वाक्यातलं काय उरलं? लाज. तिचं बाहेरून काय कळणार?

मी काही इस्तारींसारखा अडाणी नाही. वाघ कातडं पांघरत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी मान मोडलेली पाहिली असं सांगितलंय, आणि मान मोडलेला माणूस जगत नाही. हे तर शास्त्र आहे. मग हा दादा कसा असेल? दादा असेल तर मी पाहिलं ते काय?

वहिनी संध्याकाळी दारात आली. आत आली नाही. "मोडल्या जबड्यानं लोट्यातलं पानी सांडते, म्हनून तसे पेतेत ते. मी आजपासून दुरून पानाचा दोना ठेवून देते. तुमी बाभळीमागं उभे होते, त्यायनं पाह्यलं."

"वहिनी, तुम्हाला खात्री आहे का तो...?"

"चौदा वर्सं संसार केला म्या. माह्या मानसाची खोकल्याची उबळ मले समजत नाई का? तुमीच सांगा, तुमी त्यायच्या समोर काऊन येत नाई? शिवायची मनाई हाये, पाहाची नाई."

मी म्हणालो, परीक्षेचा अभ्यास आहे. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुस्तक उघडलं. उलटं होतं.

१६ एप्रिल, गुरुवार

इस्तारी शाळेत आले. जातीचा कळवळा खरा त्यांचा, गावावर काही येऊ नये इतकंच. म्हणाले, "तू शिकला-सवरला हायेस. तू पाह्यलं तेच सांग. तू पाह्यलं ना, मान मोडली ते?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"मंग झालं."

किती सोपं आहे. मला फक्त गप्प राहायचंय. तीनदा गप्प राहायचं. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय. भात उतरत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

कोलू अजून गेला नाही, सातव्या दिवसापर्यंत थांबतो म्हणतो. मला विहिरीपाशी गाठलं. मी टाळत होतो, पण त्यानं वाटच अडवली.

"मास्तर, एक सांगाचं होतं. तो सुद्दीवर आला ना, त पयले त्यानं हे केलं." त्यानं डाव्या तळहातावर उजव्या बोटानं लिहिल्यासारखं करून दाखवलं. "आमाले का मालूम मास्तर होय का पटवारी? मंग असा हात खाली धरला, लहान, एवढासा. मंग मोठा. मंग वाघ दाखवला आन दोनी हात पसरले. विचारून राह्यला होता, तो लिवनारा वाचला का मेला? म्या म्हनलो, मले का मालूम बापा. त तो रडला. रोज तेच विचारे. चालता येत नव्हतं तरी निघाला."

म्हणजे माझ्याच मागावर आलाय तो! मरता मरता त्याला दुसरं काही आठवलं नाही, बायको नाही, घर नाही, मीच आठवलो. डोंगर ओलांडून, वाकून, मला शोधत आला. कोलू वेड्यासारखा माझ्याकडं बघत राहिला, मी काहीतरी चांगलं बोलेन अशी वाट पाहत असावा.

ठरलं. उद्याच चांद्याला निघतो. परीक्षा आहेच. आग देणाराच हजर नसला तर पंच आपलं काय ते ठरवतील. माझ्या माथी काही नाही.

१८ एप्रिल, शनिवार

पिशवी भरली, शाळेला कुलूप घातलं आणि उजाडताच निघालो. मोटारीच्या रस्त्याला जायला वाट एकच, मोहाच्या झाडांखालून.

मोठं झाड दिसलं आणि पाय उचलेना. फुलं अजून पडताहेत, कुणी वेचायला जात नाही, खाली पिवळा सडा कुजलाय, आंबूस वास. पाचोळ्यात काहीतरी खसखसलं. कोंबडी असेल, रानकोंबडी. मी पिशवी टाकून परत पळालो. धापा टाकत पाळीपर्यंत आलो.

मला त्याची भीती वाटते आणि वाघाचीही वाटते. इकडं आड तिकडं विहीर असं झालंय. मी धड पळूही शकत नाही. असल्या माणसाला कुठल्या वाक्यात बसवायचं?

झोपडीच्या दारात तो बसला होता. मला धावत येताना पाहून तो काठी टाकून उठायला गेला आणि पडला. माझ्यामागं काय लागलंय ते तो बघत होता. माझ्याकडं नाही, माझ्या मागं.

१९ एप्रिल, रविवार

लिहायचं आहे. आज सगळं लिहायचं आहे.

पाळीवरच्या वडाखाली पंच बसले. अख्खं गाव. कोलू जरा दूर, उकिडवा. वहिनीनं भात आणि मासोळ्या रांधल्या होत्या. पत्रावळ एकच, तिनंच टाचलेली, पुतळ्याच्या वेळी उसवायची राहून गेलेली. तिच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. एका हाताचं अंतर. त्याच्या अंगाला पाल्याचा आणि जखमेचा वास येत होता.

इस्तारींनी विचारलं, "केवळराम, तू आग देल्ली. हा कोन होय?"

मी गप्प राहिलो. ठरवलं होतं तसाच.

"दुसऱ्यान् विचारतो. हा कोन होय?"

गप्प. वहिनीचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात त्याचा हात पत्रावळीत आला. लोक चपापले, रिवाजात तसं नाही, आधी आग देणारा. इस्तारी 'हां हां' करून उठले. पण तो खात नव्हता. त्यानं एक मासोळी धरली. बोटं थरथरत होती, दोन बोटं तर वाकतच नव्हती. पाठीचा मोठा काटा काढला, बाजूला ठेवला. मग बारीक. एक काढला. मग एक. फार वेळ लागत होता. गावाला कळेना हे काय चाललंय. कुणीतरी म्हणालं, "पाहा, जनावरावानी फाडून राह्यला." वहिनीनं पदर तोंडात कोंबला. तिला कळलं. मला कळलं.

मांस त्यानं माझ्या बाजूला सरकवलं.

"तिसऱ्यान् विचारतो," इस्तारी म्हणाले, "हा कोन होय?"

"दादा," मी म्हणालो. "हा माझा दादा."

आणि मग थांबता येईना. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगत सुटलो. वाघ दादावर आलाच नव्हता, तो माझ्यावर आला होता. कुऱ्हाड माझ्या हातात होती, मिरवायला घेतली होती सकाळी. दादा नुसत्या टोपलीनिशी मधे पडला. खाली पडल्या पडल्या हात पुढं करून म्हणाला, "केवळ, कुऱ्हाड दे." मी दोन पावलांवर होतो. नुसता हात लांब करायचा होता. मी कुऱ्हाडीसकट पळालो. मोडलेली मान मी पाहिलीच नाही, मी मागं वळूनच पाहिलं नाही. पानं नऊ लावली तेही सांगितलं. ते कुणी ऐकलंसुद्धा नाही.

मग मागून कुणीतरी 'थूत्' केलं. लोक उठायला लागले, माझ्यापासून सरकले, जसे आठवडाभर त्याच्यापासून सरकत होते तसेच. वहिनीनं माझ्यासमोरचं भाताचं भांडं उचललं आणि दूर नेऊन ठेवलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. इस्तारी कपाळाला हात लावून म्हणाले, "त्याचं झालं, तो मानसात आला. आता याच्या पंगतीले कोन बसन?"

कुणी बसलं नाही. मी तिथंच होतो. पत्रावळीसमोर मी आणि दादा.

दादाला सगळं आधीच ठाऊक होतं. अठ्ठावीस दिवस ठाऊक होतं. त्यानं तो मांसाचा तुकडा भातात कालवला, घास केला आणि हात माझ्या तोंडापाशी आणला. तीच दोन बोटं. मला भीती वाटली. इतकी भीती मोहाखालीही वाटली नव्हती. वाटलं, आता ही बोटं घशात घालून हा माझा जीव ओढून काढणार, आणि काढलाच तर चूक काय? मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घासात एकही काटा नव्हता.